खनिजांची निर्यात अडवली की व्यापारावर जगणाऱ्या देशांचे नेमके काय होते?

प्रश्न असा आला आहे: चीनसारख्या देशाने मोजक्या खनिजांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, तर जपान, दक्षिण कोरिया यांसारख्या आयात-निर्यातीवर जगणाऱ्या देशांना किती फटका बसतो? त्यांच्या एकूण आयातीत या खनिजांचा वाटा नगण्य असतो, मग इतकी धावपळ कशासाठी? आणि भारताने यातून काय घ्यावे?

मी पुण्यात वाहनांच्या सुट्या भागांच्या खरेदीत बरीच वर्षे काढली आहेत, त्यातली बरीचशी जपानी ग्राहकांना माल देणाऱ्या कारखान्यांत. त्यामुळे हे उत्तर खरेदी विभागाच्या टेबलावरून आहे. माझे म्हणणे आधीच सांगतो. नियंत्रण लागू असताना होणारे नुकसान सगळ्यांना दिसते. त्याहून मोठे नुकसान ते सैल झाल्यावर होते. भाव उतरतात, आणि संकटाच्या काळात उभे केलेले पर्याय त्या स्वस्ताईत मरतात. जपानला हे बऱ्याच अंशी कळले. बाकीच्यांना तेवढेही कळले नाही.

आयातीचा आकडा किरकोळ असतो हे खरेच आहे, आणि अडचण तिथूनच सुरू होते. विजेवरच्या गाडीच्या मोटरमध्ये निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचे चुंबक असते. एका कारमागे त्याचे वजन साधारण एक-दोन किलो. मोटर तापली तरी चुंबकाची शक्ती टिकावी म्हणून त्यात थोडे डिस्प्रोसियम किंवा टर्बियम घालतात. ते ग्रॅममध्ये मोजायचे. गाडीच्या किमतीत त्याचा वाटा इतका लहान की खर्च कपातीच्या बैठकीत त्या ओळीकडे कुणी बघतही नाही. पण ते चुंबक नसेल तर मोटर नाही आणि मोटर नसेल तर गाडी नाही. पेट्रोलची गाडीही यातून सुटत नाही, कारण तिच्या पॉवर स्टीअरिंगला मोटर लागते, आणि कितीतरी सेन्सर, पंप, स्पीकर यांतही चुंबके असतात. अर्थमंत्रालयाच्या तक्त्यात काही कोटींची दिसणारी आयात अडते, तेव्हा तिच्यामागे हजारो कोटींची निर्यात उभी असते.

हे २०२५ च्या मे महिन्यात जगाने पाहिले. सुझुकीने जपानमधले स्विफ्टचे उत्पादन २६ मेपासून काही दिवस थांबवले. कंपनीने कारण सांगितले ते सुट्या भागांची टंचाई एवढेच. बातम्यांतून मात्र ते रेअर अर्थचे, म्हणजे निओडिमियम, डिस्प्रोसियम, टर्बियम यांसारख्या मूलद्रव्यांचे, असल्याचे समोर आले. त्याच महिन्यात फोर्डने शिकागोमधला एक्सप्लोररचा कारखाना आठवडाभर बंद ठेवला, चुंबके नव्हती म्हणून. जुलैमध्ये आपल्याकडे बजाज ऑटोच्या राजीव बजाज यांनी जाहीरपणे सांगितले की ऑगस्टमध्ये विजेवरच्या गाड्यांचे उत्पादन शून्यावर येऊ शकते. चाकण, भोसरी, रांजणगावच्या ज्या लहान वर्कशॉपमध्ये या गाड्यांचे ब्रॅकेट, हाउसिंग, वायरिंग बनते, तिथे रेअर अर्थ हा शब्द अनेकांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. त्यांचा चीनशी थेट एक रुपयाचाही व्यवहार नव्हता. शेड्यूल मात्र त्यांचेच कापले गेले, आणि बँकेचा हप्ता कुणी कापला नाही.

झाले काय होते? ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने समेरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोसियम, ल्युटेशियम, स्कँडियम आणि इट्रियम या सात मूलद्रव्यांवर आणि त्यांच्यापासून बनणाऱ्या चुंबकांवर निर्यात परवान्याची अट घातली. कागदावर ही बंदी नाही. अर्ज करा, माल कुठे वापरणार ते लिहून द्या, तो लष्करी कामासाठी नाही याची हमी द्या, परवाना मिळेल. नियमाप्रमाणे तपासणीला ४५ कामाचे दिवस लागू शकतात. भारतातल्या खरेदीदाराला वापराचे प्रमाणपत्र आधी आपल्या सरकारी खात्यांकडून साक्षांकित करून घ्यावे लागे, मग दिल्लीतल्या चिनी दूतावासाकडून, मग ते चीनमधल्या पुरवठादाराकडे जाई, आणि तो चीनच्या वाणिज्य मंत्रालयाकडे अर्ज करी. कित्येक महिने एकाही भारतीय कंपनीला परवाना मिळाल्याची बातमी नव्हती. काहींना मिळाल्याचे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने सांगितले, तोवर ऑक्टोबर संपत आला होता. चीनची चुंबकांची एकूण निर्यात मे २०२५ मध्ये १,२३८ टनांवर आली. आदल्या वर्षीच्या मेच्या तुलनेत जवळपास तीन चतुर्थांश घट. जूनमध्ये ती पुन्हा ३,००० टनांच्या वर गेली.

बाहेरून बघणारा या आकड्यांवरून म्हणेल की दोन महिन्यांचा त्रास होता, संपला. खरेदीत बसलेल्या माणसाला तसे म्हणता येत नाही. बंदी असती तर निर्णय सोपा होता: माल येणार नाही, दुसरा शोधा. परवान्याचे तसे नसते. माल येईलही, न येईलही. तीन आठवड्यांनी येईल किंवा तीन महिन्यांनी. अशा वेळी दुसऱ्या पुरवठादाराचे चुंबक मंजूर करून घ्यायला लागणारा खर्च वरिष्ठांकडून मान्य करून घेणे फार अवघड असते, कारण उद्याच परवाना आला तर तो पैसा वाया गेला असे म्हणायला सगळे तयार असतात. नवीन चुंबक म्हणजे नवीन नमुने, उष्णतेच्या चाचण्या, ग्राहकाची मंजुरी, आणि जपानी ग्राहक असेल तर प्रत्येक बदलाची आगाऊ सूचना. यात वर्ष जाते. म्हणून माणसे वाट बघतात. वाट बघायला लावणे हीच परवान्याची ताकद, आणि ती वापरणाऱ्याला जागतिक व्यापार संघटनेपुढे उभे करणेही अवघड, कारण त्याने काही नाकारलेलेच नसते.

आता जपानकडे येतो, कारण या विषयातला सगळ्यात लांबचा अनुभव त्यांच्याकडे आहे.

७ सप्टेंबर २०१० रोजी जपान आणि चीन दोघेही हक्क सांगतात त्या सेन्काकू बेटांजवळ चिनी मासेमारी बोटीची जपानी तटरक्षक दलाच्या नौकांशी टक्कर झाली. जपानने बोटीच्या कप्तानाला ताब्यात घेतले. काही दिवसांतच जपानी व्यापाऱ्यांना कळू लागले की चिनी बंदरांतून रेअर अर्थचा माल हलत नाही. चीनने अशी बंदी घातल्याचे कधीच मान्य केले नाही. कप्तानाला २४ सप्टेंबरला सोडले, तरी माल सुरळीत व्हायला पुढे कित्येक आठवडे गेले. त्या वेळी जपानचा सुमारे ९० टक्के पुरवठा चीनमधून येत होता. आणि त्याच वर्षी जुलैमध्ये चीनने वर्षाचा निर्यात कोटा आदल्या वर्षीच्या तुलनेत सुमारे ४० टक्क्यांनी कापला होता. बोटीचे प्रकरण मिटले, पण कोटा तसाच राहिला. २०११ मध्ये भाव कित्येक पट चढले.

हे निओडिमियमचे चुंबक मुळात जपानचेच. मासातो सागावा यांनी सुमितोमो स्पेशल मेटल्समध्ये १९८२ साली ते घडवले. त्याच सुमाराला अमेरिकेत जनरल मोटर्सही वेगळ्या पद्धतीने तिथेच पोचली. जनरल मोटर्सने आपला चुंबकांचा धंदा, मॅग्नेक्वेंच, १९९५ मध्ये चिनी कंपन्यांचा सहभाग असलेल्या गटाला विकून टाकला आणि यथावकाश यंत्रेही चीनला गेली. जपानने चुंबक बनवण्याची कला घरात ठेवली, कच्च्या मालाचे शुद्धीकरण मात्र बाहेर जाऊ दिले. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरला. कला घरात होती म्हणून २०१० नंतर त्यांना काही करता आले.

त्यांनी चार गोष्टी एकदम हाती घेतल्या. पूरक अंदाजपत्रकात सुमारे १०० अब्ज येन बाजूला काढले. चुंबकात लागणारे जड मूलद्रव्य, म्हणजे डिस्प्रोसियम किंवा टर्बियम, कमी करण्यावर संशोधन वाढवले. डिस्प्रोसियम संपूर्ण चुंबकात मिसळण्याऐवजी फक्त कणांच्या सीमांवर मुरवायचे, म्हणजे थोड्यात काम भागते. २०१६ मध्ये होंडा आणि दाइदो स्टील यांनी तर जड मूलद्रव्य अजिबात न वापरलेले चुंबक हायब्रिड गाडीत आणले. तिसरी गोष्ट म्हणजे अमेरिका आणि युरोपीय संघ यांच्यासह मार्च २०१२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार. ती २०१४ मध्ये जिंकली, आणि २०१५ मध्ये चीनने कोटा आणि निर्यात शुल्क दोन्ही काढले. चौथी गोष्ट माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाची. सरकारी संस्था जोगमेक आणि सोजित्झ ही व्यापारी कंपनी यांनी २०११ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीत २५ कोटी डॉलर घातले. लायनसची खाण पश्चिम ऑस्ट्रेलियात माउंट वेल्ड इथे, आणि शुद्धीकरणाचा कारखाना मलेशियात क्वांतानजवळ.

खटला जिंकल्यावर काय झाले? भाव कोसळले. खरे तर ते निकालाच्या आधीच कोसळायला लागले होते. अमेरिकेत मॉलीकॉर्पने मोठे कर्ज काढून माउंटन पासची रेअर अर्थची खाण पुन्हा सुरू केली होती. जून २०१५ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली. ज्या गाडी कंपन्यांनी २०११ मध्ये पर्यायासाठी आरडाओरडा केला होता, त्याच आता स्वस्त चिनी माल उचलत होत्या. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. खरेदी अधिकाऱ्याला वर्षअखेरीस भाव किती खाली आणला हे विचारतात, पर्याय जिवंत ठेवला का हे कुणी विचारत नाही. लायनसही त्याच खड्ड्यात होती. पण तिचा सावकार जपानचे सरकार होते. त्यांनी हप्ते पुढे ढकलले, व्याज सैल केले, वाट बघितली. चीनबाहेर मोठ्या प्रमाणावर शुद्धीकरण करणारा एक कारखाना २०१६ च्या मंदीत टिकला, तो या एका कारणाने. जपानचे चीनवरचे अवलंबित्व पुढे ९० वरून ६० टक्क्यांच्या आसपास आले, ते खटल्यामुळे नाही; न फायद्याच्या वर्षांत कुणीतरी हप्ता सोडला त्यामुळे.

मग २०२५ मध्ये स्विफ्टची लाइन का थांबली? कारण ते साठ टक्के सरासरीचे होते. निओडिमियमसारख्या हलक्या मूलद्रव्यांत जपानने पर्याय उभा केला. डिस्प्रोसियम आणि टर्बियम ही जड मूलद्रव्ये जवळपास पूर्णपणे चीनकडूनच येत राहिली. ती मुख्यतः दक्षिण चीनमधल्या जियांगशी भागातल्या विशिष्ट मातीतून मिळतात, आणि अलीकडे मोठ्या प्रमाणात म्यानमारच्या काचिन राज्यातून. (म्हणजे चीनही इथे आयातीवर आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये काचिनच्या बंडखोरांनी तिथला खाणींचा पट्टा ताब्यात घेतला तेव्हा बीजिंगलाही घाम फुटला असणार.) जपानने २०२३ मध्ये लायनसमध्ये पुन्हा २० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर घातले, ते जड मूलद्रव्यांसाठी. लायनसचे पहिले डिस्प्रोसियम ऑक्साइड मलेशियात तयार झाले मे २०२५ मध्ये, म्हणजे नेमक्या संकटाच्या महिन्यात. दोन वर्षे आधी झाले असते तर बरे, असे आज म्हणणे सोपे आहे. चीनने एप्रिलच्या यादीत मुद्दाम हीच मूलद्रव्ये घेतली, कारण पर्याय कुठे झाला आहे आणि कुठे नाही याचा हिशोब त्यांनीही ठेवला होता.

आता त्या परिणामाबद्दल, ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलावेसे वाटते आणि ज्यावर सगळ्यात कमी लिहिले जाते. नियंत्रणाने माल अडतो, तसे कारखानेही हलतात. एप्रिलनंतर चुंबकाला परवाना लागत होता, पण पूर्ण जुळवलेल्या मोटरला अनेकदा लागत नव्हता. मग खरेदी विभागांत काय चर्चा झाली असेल? चुंबक येत नसेल तर रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, तिथेच भरून आणू. रोटर जमत नसेल तर अख्खी मोटर आणू. अमेरिकन गाडी कंपन्यांनीही आपल्या मोटरी चुंबके बसवायला चीनला पाठवण्याचा विचार केल्याच्या बातम्या होत्या. लाइन चालू ठेवायची तर हे योग्यच वाटते, मीही तोच सल्ला दिला असता. पण एकदा मोटर बाहेरून येऊ लागली की आपल्याकडची वाइंडिंगची लाइन बंद होते, तिथला इंजिनिअर दुसरीकडे जातो, आणि दोन वर्षांनी परवाने सुरळीत झाले तरी ते काम परत येत नाही. त्यातच भावही दोन होतात. एप्रिलनंतरच्या महिन्याभरात युरोपात डिस्प्रोसियमचा भाव साधारण तिप्पट झाला, चीनच्या आत मात्र तसे काही झाले नाही. आतल्या कारखान्याला स्वस्त आणि खात्रीचा माल, बाहेरच्याला महाग आणि बेभरवशाचा. कच्चा माल आणून पक्का माल विकणे यावरच ज्यांचे पोट आहे, त्यांच्या नफ्याची जागा नेमकी याच फरकात जाते.

इंडोनेशियाने तर हे उघड धोरण म्हणून केले. निकेलच्या कच्च्या धातुकाची निर्यात त्यांनी २०१४ मध्ये बंद केली, मध्ये सैल केली आणि १ जानेवारी २०२० पासून पुन्हा पूर्ण बंद केली. खनिज हवे असेल तर इथे येऊन भट्टी उभारा. चिनी कंपन्यांनी सुलावेसीमध्ये मोरोवालीला भट्ट्या उभारल्या, आणि आज जगातल्या खाणींतून निघणाऱ्या निकेलपैकी निम्म्याहून जास्त इंडोनेशियाचे आहे. युरोपीय संघ जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये जिंकला. इंडोनेशियाने अपील केले, पण अपील ऐकणारे मंडळच डिसेंबर २०१९ पासून न्यायाधीशांअभावी ठप्प आहे. निकाल कागदावर राहिला. इकडे बाजारात निकेल इतके झाले की बीएचपी या खाण कंपनीने ऑस्ट्रेलियातला आपला निकेल धंदा २०२४ मध्ये स्थगित केला. २०१० मध्ये जपानला कोर्टाचा दरवाजा तरी होता. आज कुणा लहान व्यापारी देशाला तोही नाही, आणि हा बदल मला खनिजांच्या टंचाईइतकाच गंभीर वाटतो.

कोरियाचा अनुभव वेगळ्या जातीचा आहे. तिथे निर्यात ही राष्ट्रीय उत्पन्नाच्या साधारण ४० टक्के. ऑक्टोबर २०२१ मध्ये चीनने युरियाच्या निर्यातीवर तपासणीची अट घातली. कारण कोरियाशी भांडण हे नव्हते. चीनमध्येच कोळशाची टंचाई होती, युरिया तिथे कोळशापासून बनतो, आणि त्यांना आपल्या शेतकऱ्यांसाठी तो हवा होता. पण कोरियाचा औद्योगिक युरिया जवळपास सगळा, सुमारे ९७ टक्के, चीनमधून येत होता, आणि त्यापासून बनणाऱ्या द्रवाशिवाय नवे डिझेल ट्रक चालूच होत नाहीत. चिप आणि जहाजे बनवणाऱ्या देशात ट्रकवाले त्या द्रवासाठी रांगा लावून उभे राहिले. सरकारने हवाई दलाचे विमान पाठवून ऑस्ट्रेलियातून २७,००० लिटर आणले. महत्त्वाच्या खनिजांच्या कुठल्याही यादीत युरिया नव्हता. म्हणून याद्यांवर माझा फार विश्वास नाही. खनिज दुर्मिळ आहे का, यापेक्षा ते किती दारांतून येते हे बघावे.

कोरियालाच २०१९ मध्ये जपानने असाच झटका दिला होता. जुलैमध्ये जपानने हायड्रोजन फ्लोराइड, फोटोरेझिस्ट आणि फ्लोरिनेटेड पॉलिइमाइड या चिप आणि स्क्रीन बनवायला लागणाऱ्या तीन रसायनांची परवाना प्रक्रिया कडक केली. नऊ वर्षांपूर्वी ज्याने हेच भोगले होते, त्याने हे करावे याचे मला तेव्हा वाईट वाटले होते. कोरियाने पैसा ओतला, घरचे उत्पादक उभे केले, आणि हायड्रोजन फ्लोराइड विकणाऱ्या जपानी कंपन्यांनी कोरियातले आपले गिऱ्हाईक गमावले. मार्च २०२३ मध्ये जपानने नियंत्रण मागे घेतले, गिऱ्हाईक काही सगळे परतले नाही. निर्यात अडवणाऱ्यालाही किंमत मोजावी लागते, पण ती किंमत अडलेल्याने पर्याय खरोखर विकत घेतला तरच.

भारत यात फक्त सोसणारा नाही. आपल्या किनाऱ्यावरच्या वाळूतल्या मोनाझाईट या रेअर अर्थच्या खनिजात अणुऊर्जेच्या कामाचे थोरियम असते म्हणून त्याची निर्यात आपण स्वातंत्र्याच्या सुमारासच रोखली. १९५१ मध्ये दुष्काळात अमेरिकेकडे गहू मागितला, तेव्हा तिथल्या काँग्रेसमधल्या काहींनी बदल्यात मोनाझाईट मागितले होते. नेहरूंनी ते मान्य केले नाही. आणि अगदी अलीकडे, जून २०२५ मध्ये, केंद्र सरकारने आपल्या सरकारी कंपनीला, मुंबईत मुख्यालय असलेल्या आयआरईएलला, जपानला जाणारा निओडिमियमचा माल थांबवायला सांगितल्याची बातमी आली. २०१२ च्या करारानुसार हा माल विशाखापट्टणमच्या जपानी कंपनीमार्फत जात होता. हा निर्णय मला समजतो, आवडत नाही. तो माल लगेच वापरायला आपल्याकडे चुंबकाचे मोठे कारखाने नव्हते, आणि संकटात थांबवलेला पुरवठा जपानी माणूस विसरत नाही, हे मी त्यांच्याबरोबर काम करून सांगतो.

२६ नोव्हेंबर २०२५ रोजी मंत्रिमंडळाने ७,२८० कोटी रुपयांची चुंबक योजना मंजूर केली, वर्षाला ६,००० टनांची क्षमता उभी करण्यासाठी. दिशा बरोबर आहे. दोन गोष्टींची काळजी वाटते. केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या आपल्या वाळूत हलकी मूलद्रव्ये भरपूर, पण डिस्प्रोसियम आणि टर्बियम अगदी थोडे. म्हणजे चुंबक इथे बनले तरी त्यातला ग्रॅमभर नाजूक भाग बाहेरूनच यायचा, आणि त्यासाठी ऑस्ट्रेलिया, मलेशिया, जपान यांच्याशी आत्ताच करार करावे लागतील. दुसरी काळजी गिऱ्हाइकाची. कारखाना उभा राहीपर्यंत चिनी परवाने सुरळीत झाले, चुंबक पुन्हा स्वस्त झाले, तर आपल्या गाडी कंपन्या देशी चुंबक चढ्या भावाने उचलतील का? अनुदान कारखाना बांधायला मदत करते, पण तो चालतो तो ऑर्डरवर. अमेरिकेने जुलै २०२५ मध्ये माउंटन पास आता चालवणाऱ्या एमपी मटेरियल्सला निओडिमियम-प्रासिओडिमियमसाठी किलोला ११० डॉलरचा किमान भाव दहा वर्षांसाठी बांधून दिला, तो मॉलीकॉर्प डोळ्यांपुढे ठेवूनच. आपल्या योजनेच्या अंमलबजावणीत मी सर्वांत आधी खरेदीची हमी शोधीन.

आणि एक प्रश्न सभ्यपणे टाळला जातो: ही घाण कुणाच्या दारात? शुद्धीकरणात आम्ल लागते, किरणोत्सारी कचरा उरतो. मलेशियात इपोहजवळ बुकित मेराह इथे जपानी भागीदारीतला कारखाना लोकांच्या विरोधामुळे १९९० च्या दशकात बंद पडला, आणि त्याच्या कचऱ्याची विल्हेवाट पुढे कित्येक वर्षे चालली. चीन स्वस्त होता, त्यात बाओतोऊ आणि जियांगशीच्या जमिनीची न मोजलेली किंमत होती. केरळमधल्या चवरा किंवा ओडिशातल्या छत्रपूरच्या लोकांना नीट विचारून, नीट पैसे मोजून हे काम करायचे तर चुंबक चिनी भावात बसणार नाही. ते महाग आहे हे मान्य करूनच सुरुवात केली पाहिजे.

खरेदीत असलेल्यांसाठी थोडे व्यवहाराचे. पुरवठादाराला त्याच्या पुरवठादाराचे नाव विचारा, आणि त्याच्याही मागच्याचे; ऑक्साइड कुठे वेगळे झाले इथपर्यंत. जपानी पुरवठादार म्हणजे जपानी माल असे धरू नका. सहा महिन्यांचा चुंबकाचा साठा गोदामात एका कपाटात मावतो आणि त्यात अडकलेले भांडवल एका दिवसाच्या बंद लाइनपेक्षा बहुधा कमी असते. जपानने १९८३ पासून मोजक्या धातूंचा, सरकारी आणि खासगी मिळून ६० दिवसांचा, साठा ठेवण्याचे उद्दिष्ट ठेवले ते याच हिशोबाने. जिथे जमेल तिथे रेअर अर्थ नसलेल्या फेराइट चुंबकाची किंवा बीएमडब्ल्यू, रेनो वापरतात तशी चुंबकाशिवायची मोटर निदान चाचणीपर्यंत नेऊन ठेवा, वापरली नाही तरी. आणि दुसऱ्या पुरवठादाराला दरवर्षी काही टक्के ऑर्डर द्या, त्याचा भाव जास्त असला तरी. हे वरिष्ठांकडून मंजूर करून घ्यायची वेळ आत्ता आहे. ९ ऑक्टोबर २०२५ च्या चीनच्या नव्या आणि जास्त कडक नियमांना १० नोव्हेंबर २०२६ पर्यंत स्थगिती आहे. एप्रिलचे नियम मात्र तसेच लागू आहेत. माल पुन्हा येऊ लागल्याने अनेक कंपन्यांनी पर्यायाच्या फायली बाजूला ठेवल्याचे मी आत्ताच ऐकतो आहे.